नॅन्सचा खुंटा

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. हे घडलं ते सकाळी. साडेनऊनंतर, लख्ख उन्हात. तारीख १६ जानेवारी १९५१, मंगळवार. जागा इंग्लंडातल्या नॉर्फकमधल्या हॅगवर्थ गावाची शीव.

मी तिखटमीठ लावून सांगणारी बाई नाही. जिच्यावर बेतलं ती हेटी, माझ्या नवऱ्याची चुलत आत्या. तिनं हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर "विश्वास ठेव" असंसुद्धा म्हणाली नाही. म्हणूनच मी ठेवला.

हेटी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. लग्न केलेलं नव्हतं. घरात दोघंच, ती आणि तिचा धाकटा भाऊ एबल. आई गेली तेव्हा एबल सात वर्षांचा होता. जाताना आईनं हेटीला जवळ ओढून एवढंच म्हटलं होतं, "याला सांभाळ."

हेटीनं सांभाळला. त्याला ताप आला की ही जेवायची नाही. आता तो बावीस वर्षांचा बाप्या झाला होता, तरी थंडीत त्याच्या गळ्याला मफलर तीच गुंडाळायची. तो चिडायचा, पण गुंडाळू द्यायचा.

दोघांचा धंदा सशांचा. शेतकरी बोलावत, आणि ही दोघं त्यांच्या बांधावरचे ससे साफ करून देत.

रीत साधी आहे. बांधात सशांची बिळं असतात. प्रत्येक बिळाच्या तोंडावर जाळी पसरायची. जाळीच्या कडेतून दोर ओवलेला असतो, दोराचं टोक खुंटीला, आणि खुंटी जमिनीत. मग एका बिळातून फेरेट आत सोडायचा. फेरेट म्हणजे आपल्या मुंगसाचा पांढरा चुलतभाऊ समजा. तो आत शिरला की ससे जीव घेऊन बाहेर उड्या मारतात. उडीसरशी दोर आवळतो, जाळीची थैली होते, ससा आत.

सगळी मदार खुंटीवर. ती उपटली, तर ससा जाळीसकट पसार.

आणि खुंटीच्या बाबतीत हेटी महाचोखंदळ. हेझलचं ओलं लाकूड नको, सुकलं की बारीक होतं आणि दोर निसटतो. विलोचं नको, कुजतं. दोरासाठीची खाच जास्त खोल नको, तिथंच मोडते. आमच्याकडची जमीन नुसती वाळूची, तिच्यात खुंटी धरायची तर वीतभर पुरत नाही, चांगली हातभर लागते. आणि लाकूड हवं जुनं, मुरलेलं, लोखंडासारखं.

असं लाकूड तिला शनिवारी दिसलं.

शिवेवरच्या लांब बांधाच्या टोकाला जमिनीतून एक ओकाचा खुंटा वर आला होता. चार बोटं दिसत होता, त्यावर शेवाळ. गावात सगळे त्याला नॅन्सचा खुंटा म्हणत.

नॅन्स म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीची एक मोलकरीण. पोटुशी राहिली, आणि गोठ्यात गळफास घेतला. त्या काळी जीव दिलेल्याला चर्चच्या आवारात जागा नसे. गावानं तिला शिवेवर पुरली, आणि उठून येऊ नये म्हणून छातीतून ओकाचा खुंटा ठोकला. चौघांनी दाबून धरली आणि पाचव्यानं ठोकला, असं सांगतात.

मेलेल्या बाईला दाबून धरायला चार माणसं कशाला लागतात, हे मात्र गावात कुणी विचारत नाही.

हेटीला हे सगळं माहीत होतं. पण जाळीवाल्या माणसाला जुना ओक दिसला की त्याला दुसरं काही दिसत नाही. दीडशे वर्षं जमिनीत राहून जो कुजला नाही, तो खुंट्यांसाठी किती नामी! तिनं फावडं आणलं, दोर बांधला आणि ओढला. अर्धा तास घाम गाळला.

शेवटी खुंटा निघाला तेव्हा खालून एक आवाज आला...

कुणीतरी खूप वेळ रोखलेला श्वास सोडावा तसा.

वाळूत पोकळी असते, असं म्हणत हेटीनं खुंटा खांद्यावर टाकला आणि ती घरी आली.

सोमवारी संध्याकाळी चुलीपुढं बसून तिनं तो फोडायला घेतला. एबल पलीकडं बटाटे सोलत होता.

"ताई, हा कुठला गं ओक?"

"झाडाचा."

"नॅन्सचा ना?"

हेटीनं लाकडात आणखी एक पाचर ठोकली.

"ताई! अगं, तुला काही लाजलज्जा? मेलेल्या बाईच्या उरातलं लाकूड ओढून आणलंस?"

"तिला आता कशाला लागतंय ते? आणि तू कधीपासून घाबरट झालास रे? काल तर पबमध्ये छाती फुगवून गात होतास."

"पबमधली गोष्ट वेगळी. तुझं ना, एखाद्या खुंटीशीच लग्न लावून द्यायला हवं."

"लाव की. खुंटी निदान बटाटे तरी जाड सोलत नाही. बघ, अर्धा बटाटा सालातच गेला."

दोघं हसली. खुंट्या झाल्या अठरा, एकीसारखी एक. टोकाकडचा हातभर भाग काळा होता. तो नीट फुटेना, आणि त्याला वास येत होता. हेटीनं तो चुलीत घातला.

तो रात्रभर जळला. सकाळी राख काढताना तिला राखेत केसांची एक बट दिसली, न जळलेली. ती तिनं राखेबरोबर बाहेर फेकली आणि एबलला सांगितलं नाही.

मंगळवारी कडाक्याच्या थंडीनं दव गोठलं होतं. बांध पांढराफेक. ऊन पडलं होतं पण त्याला धग नव्हती. दोघं पावलं न वाजवता बांधावर आली. बांधावर बोलायचं नसतं. बोललंच तर कानाशी, कारण सशाला वरची कुजबुजसुद्धा खाली ऐकू येते.

हेटीनं जाळ्या लावल्या. जाळीच्या टोकांना दोन कड्या, खालची बिळाच्या उंबऱ्याशी, वरची माथ्याशी, मध्ये जाळी हलक्या हातानं पसरलेली. खुंटी तळव्यानं दाबून आत. अठरा बिळं, अठरा जाळ्या. खुंट्या लोण्यात सुरी शिरावी तशा जात होत्या. गोठलेल्या जमिनीत...

तिला बरंच वाटलं. लाकूड चांगलं निवडलं, असं ती मनात म्हणाली.

एबलनं पेटीतून बेसला काढलं. बेस त्यांची लाडकी फेरेट. त्यानं तिच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि तिला बिळात सोडलं.

नेहमी मिनिटाभरात खालून धपधप ऐकू येते. ससे मागचे पाय आपटून एकमेकांना सावध करतात.

एक मिनिट गेलं.

पाच गेली.

एकही पाखरू बोलत नव्हतं. मघाशी कुंपणावर एक रॉबिन होता, तोही नव्हता.

मग खालून आवाज आला...

धप्.

बऱ्याच वेळानं पुन्हा. धप्.

"हा कसला ससा?" एबल तिच्या कानाशी पुटपुटला. "रेडा आहे की काय आत?"

हेटीनं त्याला चूप केलं. तो आवाज पायांचा नव्हता. लाकडावर लाकूड ठोकल्याचा होता.

धप्.

आणि अठराच्या अठरा जाळ्या एकदम उडाल्या.

असं कधी होत नाही. ससे एक-दोन, एक-दोन करून निघतात. इथं प्रत्येक बिळातून ससा बाहेर फेकला गेला, अठरा थैल्या आवळल्या गेल्या, अठरा दोर ताणले गेले. एकही खुंटी हलली नाही. एबल धावला. त्यानं पहिला ससा जाळीतून काढला, मान मोडायला हातात धरला.

आणि तो तसाच उभा राहिला.

मान आधीच मोडलेली होती. नुसती मोडलेली नाही, पिळलेली. सशाचं तोंड पाठीकडं होतं. तोंडातून रक्त येत होतं, आणि अंग गरम होतं.

दुसरा तसाच. तिसऱ्याचं पोट उभं फाटलेलं. चौथ्याची कातडी अर्धी सोललेली. पांढऱ्या दवावर लाल डाग पडत गेले. हेटी एकेक जाळी उघडत होती. तिनं आयुष्यात हजारो ससे मारले होते. त्या दिवशी मात्र ती तोंड फिरवून जाळ्या सोडवत होती.

"मेलेल्या सशांनी उड्या कशा मारल्या, ताई?"

"गप."

"बेसनं हे केलं नाही."

"मला कळतं ते. गप बस."

"चल घरी. आत्ताच्या आत्ता चल."

इथं हेटीनं चूक केली, आणि ती तिनं कधी नाकारली नाही. आमच्याकडं फेरेट आत सोडून कुणी घरी जात नाही. दिवस मावळो, बर्फ पडो, माणूस बिळापाशी बसून राहतो. हेटीच्या वडिलांनी एकदा दोन दिवस काढले होते. तिनं रिकाम्या जाळ्या पुन्हा बिळांवर पसरल्या, तेही सवयीनं, आणि म्हणाली, "बेसला घेऊन जाऊ."

तिनं दुसरा फेरेट काढला, दणकट नर. त्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्याला लांब दोरी, दर हातावर एक गाठ. आत अडकलेल्याचा माग काढायला हा दोरीवरचा फेरेट लागतो. दोरी तिच्या बोटांतून सरकू लागली. चार गाठी. सात. अकरा...

तो बांध आठ हातांपेक्षा रुंद नव्हता.

वीस गाठींना दोरी संपली आणि ताणली गेली. मग एकदम सैल पडली. हेटीनं भराभरा ओढून घेतली. टोकाला पट्टा होता, बकल लावलेलं. पट्ट्यात फेरेटचं डोकं होतं. फक्त डोकं.

आता तीच म्हणाली, "पळ."

पण तेवढ्यात समोरच्या बिळातून बेसचा आवाज आला. ती खुशीत असली की कुटुकुटु करायची, तसा. अगदी तोंडाशी.

"इथंच आहे ती!" एबल आडवा झाला. जाळीची कड उचलून त्यानं हात आत घातला.

"एबल, नको!"

"अगं, एक मिनिट. लागली हाताला. ये गं माझी बाय, ये..."

खांद्यापर्यंत हात आत. गाल वाळूला टेकलेला. जाळी त्याच्या डोक्यावरून मानेवर आलेली. तो हसत होता. मग त्याचं हसू थांबलं.

"ताई..."

"काय?"

"हे केस लांब आहेत."

आणि तो ओढला गेला.

खांदा बिळाच्या तोंडावर आपटला, हाड वाजलं. जाळीचा दोर त्याच्या गळ्याभोवती आवळला. आतून ओढ बसेल तसा तो आवळत गेला, आणि खुंटी तसूभर हलेना. चांगली निवडलेली खुंटी! हेटीनं ती दोन्ही हातांनी धरली, पाय रोवून ओढली. खुंटी वर यायच्याऐवजी खाली गेली. तिच्या मुठीतून, सावकाश, खालून कुणी ओढावी तशी. एबलचा चेहरा काळानिळा पडला होता. जीभ बाहेर आली होती.

तिनं सुरीनं दोर कापला.

त्याला श्वास मिळाला, पण आवाज फुटेना. ती त्याच्या कमरेला धरून मागं रेलली. हात कोपरापर्यंत बाहेर आला. बाही उरली नव्हती, कातडी सोलली होती. वरून बांध सुटायला लागला, वाळूचे लोटच्या लोट खाली येऊ लागले. हात पुन्हा आत जाऊ लागला. आता पूर्ण बांध कोसळणार आणि एबल त्याच्याखाली गाडला जाणार, हे तिला दिसत होतं.

काटेरी झुडपं तोडायला आणलेली कुऱ्हाड बाजूला पडली होती.

पहिला घाव हाडात अडला.

दुसऱ्यानं हाड तुटलं.

तिसऱ्यानं राहिलेलं.

ती तोंडानं काय बोलत होती, ते तिला आठवत नाही. एवढं आठवतं की एबल तिच्याकडं बघत होता आणि मान हलवत होता. नको, नको. तिला वाटलं, वेदनेनं. तिनं कापलेल्या दोरानं त्याच्या दंडाला आवळून बांधलं, त्याला पाठीवर घेतलं आणि अर्धा मैल पळाली. कबिट नावाच्या धनगरानं त्यांना बघितलं आणि गाडीत घातलं. एबल वाचला. उजवा हात कोपराच्या वरून गेला.

दुसऱ्या दिवशी गावानं बांध खणला. बेस मिळाली नाही. हात मिळाला नाही. सतरा खुंट्या मिळाल्या. ज्या बिळापाशी हे झालं, तिथली अठरावी पाच हात खणूनही सापडली नाही. कुणीतरी टोकाला नवा खुंटा ठोकला. सकाळी तो उपटून पडलेला होता. तीनदा ठोकला, तीनदा पडला, मग गावानं नाद सोडला.

बांध कोसळला, बहिणीनं प्रसंगावधान राखलं, असं पेपरात आलं. फोटो आला. चर्चमध्ये पाद्र्यानं तिचं नाव घेतलं. हेटीला आयुष्यात कौतुक मिळालं ते तेवढंच. आणि खरं सांगते, तिला ते आवडलं होतं. आईला दिलेला शब्द तिनं पाळला होता.

एबल तिच्याजवळच राहिला. पुढची पस्तीस वर्षं ती त्याच्या शर्टाची बटणं लावायची, मांस कापून द्यायची. तो हसायचा, तिची टिंगल करायचा. फक्त त्या सकाळबद्दल बोलायचा नाही.

१९८६च्या फेब्रुवारीत तो अंथरुणाला खिळला. छातीत पाणी झालं होतं. एका दुपारी हेटी त्याला सूप भरवत होती. त्यानं चमचा बाजूला सारला.

"ताई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"आयुष्यभर रागावतेच आहे तुझ्यावर. विचार."

"तू माझा हात का तोडलास?"

हेटीला वाटलं, तापात बडबडतोय. "तिनं धरला होता, बाळा. बांध कोसळत होता."

"नाही गं. दोर कापलास तेव्हाच तिनं सोडला. तू मला ओढलंस आणि मी बाहेर आलो. अख्खा. बांधापासून चार पावलं लांब गवतात पडलो होतो. हात माझ्या छातीवर होता."

हेटीनं सुपाची वाटी मांडीवर टेकवली.

"तू कुऱ्हाड आणलीस. माझा हात धरून जमिनीवर ठेवलास. मी ओरडत होतो, पण गळ्यातून आवाज निघेना. मी मान हलवत होतो, ताई. तू माझ्याकडं बघतच नव्हतीस."

"खोटं आहे हे."

"ती तुझ्या मागं उभी होती. तुझ्या हातांवर तिचे हात होते. तोडून झाल्यावर ती वाकली आणि हात उचलून घेऊन गेली."

हेटीच्या मांडीवर सूप सांडलं होतं. तिला चटका कळला नाही.

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू केवढी खूश होतीस," एबल म्हणाला.

तीन दिवसांनी तो गेला.

हेटी त्यानंतर अठरा वर्षं जगली. शेवटची चार वर्षं आमच्याकडं. तिच्या हातात सुरी म्हणून दिसायची नाही. पाव आम्ही कापून द्यायचो, सफरचंद ती तशीच चावायची. संधिवात असेल, असं आम्हाला वाटायचं. माझा धाकटा रांगत तिच्याजवळ गेला की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची, आणि मला तिचा राग यायचा. एवढं गोजिरवाणं पोर, आणि ही म्हातारी त्याला एकदाही उचलत नाही.

मग एका दुपारी तिनं मला हे सगळं सांगितलं.

"एबल तापात होता, आत्या," मी म्हटलं. "तुम्हाला जे आठवतं तेच खरं."

"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "पण ती ओकाच्या दांड्याची कुऱ्हाड होती गं, चांगली जड. मी लहानपणापासून वापरलेली. त्या दिवशी तिचं वजनच लागलं नाही मला. दुसरं कुणीतरी उचलत होतं."

त्यानंतर तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. झोप लागेपर्यंत तिचे हात धरून बसायचं. मी बसायचे. म्हाताऱ्या बाईचे हात, नुसती हाडं. ती लगेच झोपायची, घोरायलाही लागायची.

मी हात सोडायला बघायचे. आणि तेव्हा, ती गाढ झोपेत असताना, ते हात माझ्या हातातून ओढ घ्यायचे.

दारापलीकडं माझा मुलगा झोपलेला असायचा, त्या बाजूला.

मी सकाळपर्यंत सोडायचे नाही.